३०२ की १७-७? वाफेच्या जागी बसणाऱ्या स्प्रिंगांबद्दल

स्टेनलेसची स्प्रिंग बनवून घ्यायला गेलं की समोरचा तारेचा गेज विचारतो, व्यास विचारतो, वेढे किती हे विचारतो. ग्रेड सहसा विचारत नाही. ३०२ किंवा ३०४ ची स्प्रिंग तार त्याच्याकडे पडलेली असते, तीच वापरायची हे तो धरूनच चालतो, आणि बहुतेक ऑर्डरींना ते चालूनही जातं. हे लिहितोय ते उरलेल्यांसाठी. म्हणजे ज्यांच्या स्प्रिंगा वाफेत किंवा गरम हवेत बसतात, ज्यांना कोणीतरी 'एकदा १७-७ घालून बघा' (हाही स्टेनलेसचाच एक ग्रेड, जरा महाग) असं सुचवलंय, आणि दर ऐकून ज्यांनी विषय पुढच्या महिन्यावर ढकललाय.

माझं सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत सायझिंग आहे. टॉवेल आणि चादरीच्या मागांसाठी ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ लावून बीम (मागावर चढणारे रूळ) भरून देणं हा धंदा, स्प्रिंग बनवणं नाही. त्यामुळे पुढे जे आहे ते गिऱ्हाइकाच्या बाजूने आहे. प्रयोगशाळेतला भार मोजायचा काटा माझ्याकडे नाही. एक व्हर्नियर आहे आणि वाफेच्या जॉइंटखाली गळती धरायला ठेवलेला पत्र्याचा डबा आहे.

स्टेनलेस गंजत का नाही वगैरे सोडून देतो, ते सगळ्यांना माहीत आहे. फक्त चुंबकाचा घोळ आधी मिटवू, कारण त्यावरून आपल्याकडे माल परत जातो. ३०२ मऊ असताना चुंबकाला चिकटत नाही. पण स्प्रिंगसाठी तीच तार थंड खेचून बारीक केली की आतली घडण काही प्रमाणात बदलते, मार्टेन्साइट नावाची कडक घडण तयार होते, आणि चुंबक तिला ओढू लागतो. १७-७ ची खेचलेली तार तर आणखी जोरात चिकटते. तेव्हा चिकटली म्हणजे 'डुप्लिकेट' आणि नाही चिकटली म्हणजे अस्सल, हा हिशोब स्प्रिंगच्या तारेला लागू होत नाही.

आता दोघींमधला फरक. क्रोमियम दोन्हींत सतरा-अठरा टक्क्यांच्या घरात, निकेल ३०२ मध्ये आठच्या पुढे, १७-७ मध्ये सातच्या आसपास. कागदावर बहिणीच वाटतात. पण १७-७ मध्ये साधारण एक टक्का ॲल्युमिनियम मुद्दाम घातलेलं असतं आणि सगळी करामत त्या एका टक्क्याची आहे. ३०२ ला जी ताकद मिळायची ती तार खेचतानाच मिळते. स्प्रिंग वळल्यावर तिला साडेतीनशे अंशांच्या आसपास अर्धा तास तापवतात ते वळताना अडकलेला ताण काढण्यासाठी. त्यात ताकद थोडीफार वाढली तर वाढली. १७-७ चं काम मात्र खेचण्यात निम्मंच होतं. स्प्रिंग वळून झाल्यावर ती ४८२ अंश सेल्सिअसला एक तास ठेवायची आणि हवेत गार होऊ द्यायची. फॅरनहाइटमध्ये हे ९०० अंश होतात, म्हणून कागदावर 'सीएच ९००' असं दिसतं. त्या तासाभरात निकेल आणि ॲल्युमिनियमचे अतिसूक्ष्म कण धातूच्या आत तयार होतात आणि धातूचे थर एकमेकांवरून घसरू पाहतात तिथे आडवे येतात. हे नीट लक्षात ठेवा, कारण गरम जागी स्प्रिंग 'बसते', म्हणजे कायमची बुटकी होऊन दाब सोडते, ती याच घसरण्यामुळे.

ताकदीचे आकडे सांगायचे तर तार जितकी बारीक तितका आकडा मोठा, त्यामुळे जाडी न सांगता कोणी आकडा फेकला तर मनावर घेऊ नका. आपल्याकडे ज्याला चौदा गेज म्हणतात, म्हणजे जवळपास २ मिमी, त्या जाडीला ३०२ ची तार १,७०० मेगापास्कलच्या अलीकडे-पलीकडे तुटते. भट्टीतून आलेली १७-७ त्याहून दोनेकशे मेगापास्कल वर जाते. ऐकायला छान आहे, पण खरं सांगायचं तर या फरकावर मी निर्णय घेतला नसता. माझ्याकडे आजवर स्प्रिंग तुटून काम अडलेलं नाही. अडलंय ते स्प्रिंगने दम सोडल्यामुळे.

त्याआधी एक हिशोब, जो स्टेनलेसकडे पहिल्यांदा वळणाऱ्याला नडतो. जुनी साध्या स्प्रिंग स्टीलची, म्हणजे काळ्या किंवा झिंक मारलेल्या तारेची स्प्रिंग नमुना म्हणून दिली आणि 'हीच स्टेनलेसमध्ये करा' असं सांगितलं, तर हातात पडते ती स्प्रिंग मापाला तंतोतंत, पण दाबाला ढिली. पिळाला विरोध करण्याचा धातूचा जो गुण आहे, त्याचा आकडा साध्या तारेला ७९ गिगापास्कल आहे, ३०२ ला ६९ च्या आसपास आणि १७-७ ला ७६. म्हणजे तेवढीच तार, तेवढाच व्यास, तेवढेच वेढे ठेवले तर ३०२ ची स्प्रिंग तेरा टक्के नरम निघते. उपाय सोपा आहे: चालू (म्हणजे प्रत्यक्ष दबणारे) वेढे आठ असतील तर सात करायचे, किंवा तार किंचित जाड घ्यायची. जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो, त्यामुळे २ मिमीच्या जागी २.०७ झाली तरी भरून निघतं, पण २.०७ ची तार बाजारात कोण देणार? म्हणून वेढे कमी करणं बरं. फक्त वेढे कमी केले की प्रत्येक वेढ्यावर ताण वाढतो, ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे. १७-७ मध्ये हा फरक चारेक टक्क्यांचाच, त्यामुळे जुना नमुना जवळजवळ तसाच उतरवता येतो. इथे १७-७ ला मी एक छोटा गुण देतो.

आता मूळ दुखणं.

खळ लावलेला ताणा वाळवणारा सायझिंगचा सिलिंडर फिरता असतो आणि त्यात वाफ सोडायची असते, म्हणून सांध्यावर रोटरी जॉइंट असतो. आत कार्बनची रिंग, तिला पुढे ढकलून धरणारी एक स्प्रिंग. ज्यांनी जॉइंट उघडला आहे त्यांना ठाऊक आहे की वाफेचा दाब चढला की वाफच त्या रिंगला जागेवर दाबून धरते. स्प्रिंगची खरी गरज लागते ती दाब नसताना किंवा कमी असताना: सकाळी बॉयलरमधून पहिली वाफ येते तेव्हा, बीम बदलायला मशीन थांबतं तेव्हा, बॉयलरवरच्या माणसाने बगॅस घालायला आळस केला आणि दाब पडला तेव्हा. सकाळची वेळ सगळ्यांत वाईट. सिलिंडर गार असतो, आत शिरलेल्या वाफेचं भसाभस पाणी होतं, दाब अजून चढलेला नसतो, आणि स्प्रिंगने दम सोडलेला असेल तर ते पाणी जॉइंटमधून टपटपायला लागतं.

बाहेरच्या माणसाला वाटेल, टपकू दे की, दाब चढला की थांबेल. थांबतंच. पण तोवर ते गरम पाणी शेजारच्या बेअरिंगवर उतरतं आणि ग्रीस धुऊन नेतं. ते साधं पाणीही नसतं. सोलापुरात बोअरचं पाणी बॉयलरला चालत नाही, सॉफ्टनरमधून काढावं लागतं, आणि वाफेचं झालेलं पाणी परत बॉयलरकडे न्यायचं तर ते फरशीवर वाहून जातं. वाफेचा फवारा किनारीकडच्या तारांवर (ताण्याच्या धाग्यांवर) बसला तर तिथली खळ पातळ होते, आणि मग टॉवेलच्या मागावर नेमक्या किनारीच्या तारा तुटतात. मागवाला फोन करून विचारतो की मालक, खळीत पाणी जास्त घातलं का? त्याला स्प्रिंगची गोष्ट सांगून पटत नाही, आणि का पटावी. म्हणून गळती थांबेपर्यंत बीम सुरू करायचं नाही असा नियम केला, तर माणसं हात बांधून उभी.

यावर आपल्याकडचा रूढ इलाज म्हणजे वॉशर. स्प्रिंगच्या मागे एक वॉशर घातला की ती थोडी जास्त दाबली जाते आणि रिंग पुन्हा घट्ट बसते. फिटर लोकांचा हा लाडका उपाय आहे आणि पहिल्यांदा खरोखर गुण येतो. पण बघा काय होतं. स्प्रिंग बसली होती ती जास्त ताणामुळे आणि उष्णतेमुळे. वॉशर घालून आपण ताण आणखी वाढवला. ती आणखी लवकर बसते. मग दुसरा वॉशर. माझ्याकडे जॉइंट उघडल्यावर आत किती वॉशर निघतात त्यावरून स्प्रिंग किती जुनी आहे ते सांगता यायचं. शेवटी वेढे एकमेकांना टेकायला येतात आणि स्प्रिंग ही नुसती लोखंडी नळी होऊन बसते. कार्बन रिंग झिजली तरी पुढे सरकत नाही, उलट कडक दाबाखाली तिचा कोपरा उडतो. कार्बन रिंगची किंमत स्प्रिंगच्या कितीतरी पट.

माझा कौल फिरला तो या वॉशरच्या वैतागामुळे. आकड्यांच्या तक्त्यांनी तो फिरवला नव्हता. उलट तक्ते ३०२ च्या बाजूचे आहेत. हातपुस्तकांत साध्या स्प्रिंग तारेची मर्यादा १२० अंश दिलेली असते, ३०२ ची २८८, १७-७ ची ३४३. आमच्याकडे वाफ तीन-चार बारची, म्हणजे १४४ ते १५२ अंश. मर्यादेच्या निम्म्यावर! मग ३०२ ने दम सोडायचं काही कारणच नाही, असं पुण्याच्या एका स्प्रिंगवाल्यांनी मला समजावलं होतं, आणि तक्त्याप्रमाणे त्यांचं बरोबर होतं. अडचण अशी की त्या मर्यादेसोबत एक न लिहिलेली अट असते: ताण बेताचा असेल तर. जॉइंटच्या आतली जागा इतकी अरुंद असते की तेवढ्यात हवा तेवढा दाब बसवायचा म्हणजे तार तिच्या कुवतीच्या बरीच जवळ वापरावी लागते. त्यात वर सांगितल्याप्रमाणे ३०२ साठी एक वेढा कमी केलेला. जास्त ताण आणि दीडशे अंश असे दोन्ही एकत्र आले की धातू आत हळूहळू घसरतो. बाहेरून काही दिसत नाही, तडा नाही, गंज नाही. स्प्रिंग काढून नव्या स्प्रिंगशेजारी उभी केली की फक्त बुटकी दिसते.

१७-७ तिथे टिकून राहते याची दोन कारणं मला पटली आहेत. तिची कुवतच जास्त, त्यामुळे तोच दाब तिला कमी जड जातो. आणि ते ॲल्युमिनियम-निकेलचे कण दीडशे अंशांना हलत नाहीत. ते जन्मलेच ४८२ ला. घसरणाऱ्या थरांना ते तसेच अडवून धरतात. मी मोजून सांगू शकत नाही की किती टक्के दाब राहिला. एवढंच सांगतो की पूर्वी पावसाळ्याच्या सुरुवातीला बसवलेली ३०२ दिवाळीपर्यंत पहिला वॉशर मागायची. १७-७ बसवल्यापासून डबा जॉइंटखाली आहे, पण रोज सकाळी ओतावा लागत नाही. जुन्या १७-७ ची उंची नवीशी लावून बघितली तर फरक आहे, नाही असं नाही, पण व्हर्नियर लावल्याशिवाय कळत नाही.

३०२ वर अन्याय नको म्हणून हेही सांगतो. बऱ्याच ठिकाणी ३०२ ची स्प्रिंग वळल्यावर ताण काढण्यासाठी नीट तापवलीच जात नाही. घाईच्या ऑर्डरीत भट्टी वगळली जाते, आणि तशी स्प्रिंग गरम जागी पहिल्या आठवड्यातच बसते. रंग बघा: नीट तापलेली फिकट सोनेरी दिसते, न तापलेली चांदीसारखी लख्ख. लख्ख दिसली म्हणून खूश होऊ नये. शिवाय एक युक्ती आहे, तीही त्याच पुण्याच्या स्प्रिंगवाल्यांनी सांगितली: स्प्रिंग बोल्टवर चढवून, कामात दाबली जाईल त्याहून जरा जास्त दाबून, कामाच्या तापमानापेक्षा जास्त गरम करून ठेवायची. जे बसायचं ते तिथेच बसून जातं, आणि उरलेल्या उंचीवर ती बरीच स्थिर राहते. अशा दाबून तापवलेल्या ३०२ च्या स्प्रिंगा मी लावून पाहिल्या. साध्या ३०२ पेक्षा नक्की सरस. ज्याचा एकच जॉइंट आहे आणि दाब दोन बारच्या आत आहे त्याने इथेच थांबायला हरकत नाही, असं मला वाटतं. माझं तेवढ्यावर भागलं नाही, पण माझे सिलिंडर जुने आहेत आणि त्यांच्या जॉइंटमध्ये जागा खरोखरच कमी आहे.

आता १७-७ चा त्रास, कारण तोही कमी नाही.

पहिलं म्हणजे ती सहज मिळत नाही. ३०२-३०४ ची तार मुंबई-पुण्यात कुठल्याही गेजमध्ये किलोभर मिळते. १७-७ साठी बनवणारा आधी विचारतो, किती नग? वीस नगांसाठी तो तारेचं अख्खं बंडल घ्यायला तयार नसतो. आम्ही ओळखीच्या सायझिंगवाल्यांनी जॉइंटची मापं ताडून पाहिली, दोन-तीन मापांत सगळ्यांचं बसतंय असं दिसलं, आणि एकत्र ऑर्डर दिली. हे सोलापुरात जमतं, कारण मशीनं बऱ्याच अंशी एकाच धर्तीची आहेत आणि चहाच्या टपरीवर सगळे भेटतात.

दुसरं, भट्टी. ३५० ची भट्टी प्रत्येक स्प्रिंगवाल्याकडे असते आणि तिथे पाच-दहा अंश इकडेतिकडे झाले तरी ३०२ तक्रार करत नाही. १७-७ ला ४८२ म्हणजे ४८२ च्या अगदी जवळ लागतं आणि पूर्ण तास लागतो. भट्टी खूप वर गेली तर ते कण मोठे आणि विरळ होतात, ताकद उतरते. खाली राहिली तर पुरते तयारच होत नाहीत. आणि दोन्ही प्रकारची स्प्रिंग हातात घेतल्यावर सारखीच वाटते. रंगावरून थोडा अंदाज येतो, नीट झालेली १७-७ सोनेरीपेक्षा तपकिरीकडे झुकते, पण त्यावर विसंबू नये. भट्टीचा तक्ता, म्हणजे तापमान आणि वेळेची नोंद, मागावा. तक्ता देत नाही म्हणणाऱ्याकडून १७-७ घेण्यापेक्षा चांगल्या माणसाकडची ३०२ घ्यावी, इतपत मी म्हणेन.

तिसरं, भट्टीत माप जरा हलतं. दाबाच्या स्प्रिंगेला हे जाणवत नाही, पण ज्या स्प्रिंगेला दोन्ही टोकांना आकडे (हूक) आहेत, म्हणजे ओढाच्या स्प्रिंगेला, तिथे आकड्यांचा कोन बदलू शकतो. चांगला कारागीर आधी एक नमुना तापवून बघतो आणि बाकीच्या त्या हिशोबाने वळतो. नुसत्या ओढाच्या स्प्रिंगा हव्या असतील तर हा वेळ धरून चाला.

पट्टीचा विषय निघतो म्हणून एक आडवळण. काही जण क्लिपसाठी, ब्रेकच्या पातीसाठी १७-७ ची मऊ पट्टी आणतात, कारण ती हवी तशी वाकते आणि नंतर कडक करता येते. कागदावर खरं आहे. पण त्या मऊ अवस्थेतून कडक व्हायचा रस्ता तीन टप्प्यांचा आहे: ७६० अंशांवर दीड तास, मग तासाभराच्या आत १५ अंशांपर्यंत गार आणि तिथे अर्धा तास, मग ५६६ अंशांवर पुन्हा दीड तास. मधला टप्पा वाचा. आपल्या गावात मे महिन्यात नळाचं पाणीसुद्धा १५ अंश नसतं, बर्फाची लादी आणून ठेवावी लागेल. दुसरा एक रस्ता आहे त्यात तर शून्याखाली ७३ अंशांवर आठ तास ठेवावं लागतं. हे विमानांचे भाग करणाऱ्यांनी करावं. पातीला ३०१ ची पूर्ण कडक पट्टी वापरा आणि मोकळे व्हा. फार गरम जागा असेलच तर आधीच थंड लाटून कडक केलेली १७-७ ची पट्टी घेऊन तिला फक्त ४८२ चा तास द्या. अशी पट्टी मात्र तीव्र कोनात वाकवायला गेलात तर तडकते.

मागांचं काय, असं मला विचारतात. जॅकार्डवर (मागावर नक्षी काढणाऱ्या यंत्रावर) दोऱ्या खाली खेचणाऱ्या शेकडो-हजारो बारीक स्प्रिंगा असतात. तिथे १७-७ घालणं म्हणजे पैसे उधळणं. खोलीचं तापमान, बेताचा ताण, फक्त फेऱ्या अफाट. मिनिटाला दीडशे पिक (आडव्या धाग्याच्या फेकी) धरले तरी आठ तासांच्या पाळीत ७२,००० होतात, आणि नक्षीप्रमाणे त्यातल्या बऱ्याच वेळा ती स्प्रिंग ताणली जाते. तिथे बघायचं ते तारेवर ओरखडा नको, आकड्याच्या मुळाशी तीक्ष्ण वाक नको. ३०२ तिथे उत्तम. झिंक मारलेली साधी तारही चालली असती, पण सूत तुटू नये म्हणून मागाच्या खोलीत दमटपणा ठेवतो आपण, आणि पांढऱ्या टॉवेलवर गंजाचा एक ठिपका पडला की तो नग सेकंडमध्ये जातो. तेवढ्यासाठी ३०२.

डाइंगवाल्यांनी मात्र या दोन्हींच्या भांडणात पडू नये. सुती मालाला रिॲक्टिव्ह रंग चढवताना टाकीत मिठाचा मारा असतो, आणि गरम मिठाच्या पाण्यात ३०२ ला बारीक छिद्रं पडतात. १७-७ त्याहून चांगली नाही, झाली तर किंचित कमीच. तिथे मॉलिब्डेनम असलेली ३१६ घ्या, ताकद ३०२ पेक्षा कमी आहे हे धरून तार थोडी जाड निवडा. पंपाच्या मेकॅनिकल सीलमधल्या स्प्रिंगेला तर ३१६ ही काही वेळा पुरत नाही, सील बनवणारे हॅस्टेलॉय (निकेलचा मिश्रधातू) देतात ते उगाच नाही. माझ्या आवडत्या स्टीलला मी तिथे शिफारस करणार नाही.

पैशाचं बघू. तारेचा भाव ३०२ च्या दुप्पट-तिप्पट सांगतात आणि तो ऐकून माणूस मागे सरतो. पण एका जॉइंटच्या स्प्रिंगेत तार असते किती? काही ग्रॅम. नगाच्या किमतीत वळणावळ, टोकं घासणं आणि भट्टीचा आकारच मोठा असतो, आणि तो ३०२ लाही बराचसा लागतोच. त्यामुळे नगामागे फरक तारेच्या फरकाइतका येत नाही. दुसऱ्या बाजूला जॉइंट उघडायचा खर्च धरा. वाफ बंद, सिलिंडर गार, आतली, साचलेलं पाणी काढणारी सायफनची नळी सोडवा. अर्ध्या बीमवर हे करता येत नाही, कारण गरम सिलिंडरवर थांबलेला ताणा करपतो आणि चिकटतो. म्हणजे सुट्टीचा दिवस, फिटरची जादा मजुरी. दाब कमी असेल, जॉइंटची जागा ऐसपैस असेल, उघडायला सोपा असेल तर ३०२ मध्ये कमीपणा काही नाही. पण जी स्प्रिंग बदलायला कारखाना गार करावा लागतो तिथे नगामागच्या फरकाकडे बघत बसण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

ऑर्डर देताना 'स्टेनलेस, चांगली क्वालिटी' एवढंच लिहू नका. ३०२ हवी असेल तर आयएस ४४५४ भाग ४ (भारतीय मानक) ची तार, वळल्यावर ताण काढलेली, आणि गरम दाबून बसवलेली असं लिहा. १७-७ हवी असेल तर टाइप ६३१ (१७-७ चंच दुसरं नाव), कंडिशन सी (थंड खेचून कडक केलेली) ची तार, वळल्यावर सीएच ९००; युरोपातला माल असेल तर त्यावर १.४५६८ हा आकडा असतो, आणि ३०२ सारख्याचा १.४३१०. मोकळी उंची कधीची, हेही लिहा: स्प्रिंग तीन-चार वेळा पूर्ण दाबून सोडल्यानंतरची. नाहीतर तुमच्याकडे आल्यावर पहिल्याच दाबात ती बुटकी होईल आणि वाद घालायला कागद नसेल. कामाची उंची आणि त्या उंचीवर हवा असलेला दाब दिलात तर वेढ्यांचा हिशोब त्यांच्यावर सोडता येतो, जुना नमुना पाठवायची गरज नाही. पाठवलाच तर न वापरलेला पाठवा. बसलेली स्प्रिंग नमुना म्हणून गेली की बसलेल्या उंचीच्याच नव्या स्प्रिंगा येतात.

आणि वेळ धरा. १७-७ ची तार मागवणं, नमुना तापवणं, मग नग, हे सगळं आठवड्यात होत नाही. बॉयलर दिवाळीत बंद असतो तेव्हाच या स्प्रिंगा बसवता येतात, म्हणजे ऑर्डर गणपती बसायच्या आत गेलेली बरी.